रिठ्याच्या पाण्यातलं पेराक

बाजारात रिठ्यांचं पोतं उघडं दिसलं की ती केस मला पहिल्या जबाबापासून शेवटच्या सहीपर्यंत आठवते. मुदतीआधी निवृत्ती घेऊन मला तीन वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. ही साधी घरातली चोरी, पण ती वेगळी राहिली. का राहिली ते शेवटी सांगते. नावं मात्र सांगणार नाही, कारण त्यातली माणसं अजून त्याच घरात राहतात.

मी तेव्हा बेळगावात एका ठाण्याची निरीक्षक होते. मार्गशीर्षातली सकाळ होती. हजेरी घेऊन झाली होती, रात्रीची डायरी वाचत होते. एक बाई आत आली. वय पन्नाशीच्या आसपास, चेहरा पहाडी, साडी मात्र आमच्याकडं नेसतात तशी, आणि बोलणं थेट इथलं.

"मॅडम, माझ्या आईचं पेराक गेलं. ट्रंकेतनं गेलं. कुलूप हाय तसं हाय."

बाई मूळची लडाखची. लेहच्याही पलीकडं, चीनच्या हद्दीला लागून चांगथांग नावाचं उंच पठार आहे. तिथं मेंढ्या, बकऱ्या आणि याक घेऊन तंबूतून फिरणारे लोक राहतात. ही त्यांच्यातली. टिळकवाडीतल्या एका घरातला धाकटा मुलगा सैन्यात होता. तिकडं नेमणूक असताना त्यानं हिच्याशी लग्न केलं आणि पुढं सुभेदार होऊन घरी परतला. घर दोन मजली. खाली थोरला भाऊ आणि त्याची बायको, वर सुभेदाराचं कुटुंब. सासू-सासरे गेलेले. पंचवीस वर्षांत ही बाई शेंगाचटणी करायला आणि भाजीवाल्याशी घासाघीस करायला शिकली होती. तिच्या एकुलत्या मुलीचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं.

पेराक म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. तिनं टेबलावरचा कागद ओढून चित्र काढलं. चामड्याचा लांब पट्टा, वर लाल कापड, त्यावर ओळीनं शिवलेले फिरोजाचे निळे खडे. कपाळावर रुंद, डोक्यावरून पाठीवर उतरत निमुळता होत गेलेला, नागाच्या फण्यासारखा. दोन्ही कानांवर काळ्या कोकराच्या कातड्याचे पंखे. वजन दोन-तीन किलो. थोरल्या मुलीचं लग्न झालं की आई स्वतःच्या डोक्यावरचं पेराक काढून तिच्या डोक्यावर ठेवते. तंबू, जनावरं मुलांकडं जातात. पेराक सुनेला मिळत नाही, धाकट्या मुलीला मिळत नाही. ते आईकडून थोरल्या लेकीलाच. हिच्या आधी पाच जणींनी ते घातलं होतं. हिची मुलगी सातवी.

"लग्नाच्या दिवशी ते न्हाय मिळालं तर?" मी विचारलं.

"तर माझ्यापाशी तुटलं म्हणायचं. मागच्या पाच जणी काय म्हणतील?"

मी पेन खाली ठेवलं. माझी आई खानापूर तालुक्यातल्या एका गावात असते. तिच्या पाटल्या भावाच्या लग्नात वहिनीच्या हातात गेल्या. मी थोरली. त्या दिवशी मी गणवेशातच गावी गेले होते, जेवले आणि ड्यूटीवर परत आले. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. समोर बसलेल्या बाईच्या घरी चोरी झाली होती आणि मला तिचा हेवा वाटत होता. हेव्याला जबाबात जागा नसते. मी पेन उचललं.

चोरीस गेलेल्या मालाचं वर्णन असं लिहायचं असतं की माल सापडल्यावर ओळखता यावा. बाईनं खड्याखड्याचं वर्णन सांगितलं. कपाळावरचा मोठा खडा खापरपणजीचा, त्यात काळी शीर आहे. त्याच्या खालचे तीन खडे मिठाचे. मी म्हटलं, मिठाचे म्हणजे? तिचे लोक पूर्वी खाऱ्या तळ्यांकाठचं मीठ गोळा करायचे, मेंढ्यांच्या पाठीवर लादून खाली खोऱ्यात न्यायचे आणि त्याच्या बदल्यात जव आणायचे. पणजीच्या नवऱ्यानं त्या वाटेवर हे तीन खडे मिळवले. डावीकडचा फुटका खडा आजीचा. तिकडची हद्द बंद झाली, पिढ्यान्‌पिढ्यांची हिवाळी कुरणं पलीकडं राहिली, आणि आजी हातात येईल तेवढं घेऊन अलीकडं आली; तेव्हा याकावरून पडून तो फुटला. शेपटाकडं एक जागा रिकामी आहे. एका हिवाळ्यात बर्फ एवढं पडलं की निम्मी जनावरं मेली. आईनं तो खडा काढून एका वाणी माणसाला दिला आणि घरात जव आणले. ती जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे.

आमचा रायटर हे सगळं कन्नडमध्ये उतरवत होता. तिसरं पान लागलं तसा तो माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "मॅडम, इदु कंप्लेंटा, कादंबरीया?"

मी म्हटलं, तू लिही.

घरी जाऊन महजर केला. आमच्या कर्नाटकात पंचनाम्याला महजर म्हणतात. ट्रंक सैन्यातली, काळी, कुलूप शाबूत. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, जिथं कुणालाही दिसेल. लग्नघर असल्यानं माणसांची ये-जा होती, पण वरच्या खोलीत जाणारी माणसं चारच. सुभेदार, मुलगी, खालची थोरली जाऊ, आणि लडाखहून लग्नासाठी पंधरा दिवस आधी आलेली फिर्यादीची धाकटी सख्खी बहीण.

थोरली जाऊ माहेरची निपाणीची. तंबाखूच्या वखारवाल्यांच्या घरची, बोलायला मऊ, हाताला कलाकुसर. तिनं आम्हाला चहा दिला आणि कप उचलताना आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, मी कुणाचं नाव घेत न्हाय. पण त्यांच्यात थोरलीलाच सगळं मिळतंय म्हणं. धाकटीच्या जिवाला काय वाटत असंल, तुम्हीच सांगा."

माझ्या लोकांना ते पटलं. मलाही पटलं. सख्ख्या बहिणी, एकीला मिळालं, दुसरीला नाही; हेतू आयता समोर. बहिणीचा जबाब घेतला. तिला हिंदी मोडकंतोडकं येत होतं. उन्हानं रापलेला चेहरा, हाताला घट्टे, आणि पोलिसांसमोर अजिबात न बिचकणारी. हेवा वाटला होता का, असं सरळ विचारलं. तिनं सरळ हो म्हटलं. आईनं ताईच्या डोक्यावर पेराक ठेवलं तेव्हा ती तंबूबाहेर जाऊन मेंढ्यांत बसली होती आणि दोन दिवस जेवली नव्हती. मग तिनं मलाच उलटा प्रश्न केला. ते चोरून मी घालू कुठं? आमच्याकडं मैलोन्‌मैल माणूस नसतं, पण जे असतं त्याला प्रत्येक बाईच्या डोक्यावरचा प्रत्येक खडा ठाऊक असतो. मी ते घालून निघाले तर पहिलीच म्हातारी विचारेल, हा फुटका खडा तुझ्या ताईचा ना?

उत्तर चांगलं होतं. पण चांगलं उत्तर म्हणजे पुरावा नव्हे. तिचं सामान तपासलं. काही मिळालं नाही. घरातली मंडळी तिच्याकडं बघेनाशी झाली, जेवणाचं ताट पुढं सरकवून निघून जायला लागली. फिर्यादी दोन दिवसांनी परत ठाण्यात आली आणि म्हणाली की पेराक गेलं ते गेलं, आता माझी बहीण बी जायला लागलीय, जरा लवकर बघा.

आम्ही मालाचं वर्णन आणि बाईनं काढलेलं चित्र आजूबाजूच्या ठाण्यांना आणि सराफांना मोबाईलवर पाठवलं होतं. पाचव्या दिवशी निपाणीच्या एका हवालदाराचा फोन आला. तिथल्या एका म्हाताऱ्या सराफाकडं दोन निळे-हिरवे खडे घेऊन एक बाई आली होती. मी जीप काढून स्वतः गेले.

सराफ सत्तरीचा, डोळ्याला भिंग लावून बसलेला. बाईचा चेहरा त्यानं पाहिला नव्हता. तोंडाला स्कार्फ, वर चष्मा. आमच्याकडं दुचाकीवरच्या निम्म्या बायका अशाच दिसतात. दुकानातल्या कॅमेऱ्यातही तेवढंच आलं होतं.

"किती किंमत येईल, असं विचारलं काय?" मी म्हटलं.

"न्हाय मॅडम. तेच तर नवल. किमतीचं तिनं नावच काढलं न्हाय. म्हणाली, रिठ्याच्या पाण्यात घातले आणि हिरवे पडले, पहिल्यासारखे हुतील काय? मी म्हटलं, आक्का, फिरोजा पाणी पितोय. एकदा प्याला की सोडत न्हाय. मग रुमालात बांधून घेऊन गेली."

परत येताना संकेश्वर मागं पडेपर्यंत माझ्या डोक्यात दोन गोष्टी घोळत होत्या. चोर माल विकतो, वितळवतो, लपवतो. दुरुस्त करायला नेत नाही. आणि दुसरी गोष्ट रिठ्याची. आमच्याकडं सणासमारंभाला दागिना घालायचा म्हटलं की बाई आधी रिठे भिजत घालते, कोमट पाण्यात फेस काढते आणि मऊ ब्रशानं सोनं घासते. हे कुणी शिकवत नाही, बघून येतं. चांगथांगच्या पठारावर रिठ्याचं झाड कुठलं? ज्या बाईनं ते पाण्यात घातलं तिला दागिना म्हणजे सोनंच माहीत होतं. आणि तिनं ते घालण्यासाठी धुतलं होतं.

बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं, असा कायदा आहे. तो मला नेहमीच सोयीचा वाटला. माणूस ठाण्यात खोटं चांगलं बोलतो, स्वयंपाकघरात त्याला ते जड जातं. मी महिला हवालदाराला घेऊन दुपारी टिळकवाडीत गेले. थोरली जाऊ पुतणीच्या रुखवतासाठी मण्यांचं तोरण ओवत बसली होती. सुई बारीक, हात स्थिर. मी शेजारी पाट ओढून बसले. चोरीचा विषय काढला नाही. रिठे कुठून आणता, एवढंच विचारलं.

तिची सुई थांबली नाही. "रविवार पेठेतनं. का ओ?"

मी म्हटलं, माझी आई घरच्याच झाडाचे आणायची आणि पाटल्या धुवायची. मी शेजारी बसून बघायचे. त्या पाटल्या आता वहिनीच्या हातात असतात.

चौकशीत समोरच्याला बोलतं करायला आम्ही आपलं काहीबाही सांगतो. बहुतेक वेळा ते रचलेलं असतं. हे रचलेलं नव्हतं. तिला ते कळलं असावं, कारण आता सुई थांबली.

"माझ्या आईची ठुशी हुती," ती म्हणाली. "मी एकटी लेक. तिचं दुखणं-खुपणं मी काढलं. ठुशी गेली वहिनीच्या गळ्यात. ती म्हणं घरची लक्ष्मी, आणि मी परक्याचं धन. पंचवीस वर्षं गप हुते मी. आणि ही. बर्फातनं आली, भाषा न्हाय, देव न्हाय, काय न्हाय. आणि तिच्या आईनं डोक्यावरचं काढून हिच्या डोक्यावर ठेवलं. का तर म्हणं, थोरली लेक."

मग सगळं सांगितलं. ते विकायचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. तिला ते एकदा घालून निपाणीला आईपुढं उभं राहायचं होतं. आईला दाखवायचं होतं की जगात असेही लोक असतात, ज्यांच्या आया लेकीला देतात. पण पेराकाला जुन्या लोण्याचा आणि मेंढीचा वास येत होता. असं वास मारणारं आईपुढं कसं न्यायचं, म्हणून आदल्या दिवशी रिठ्याच्या गरम पाण्यात घातलं. पातेल्यात मावला तेवढा पुढचाच भाग भिजला. बाहेर काढलं तेव्हा कपाळावरची ओळ हिरवी पडली होती आणि चामडं फुगून दोन खडे सुटले होते. तरीही ती ते घेऊन गेली.

"घातलंस आईपुढं?"

"घातलं."

"काय म्हणाली?"

थोरलीनं तोरण बाजूला ठेवलं. "म्हणाली, लई जड दिसतंय गं. मान दुखंल, काढ."

महिला हवालदारानं खिडकीबाहेर बघितलं. मी वहीत वेळ लिहिली.

त्याच दिवशी दोन पंच घेऊन निपाणीला महजर केला. पेराक थोरलीच्या म्हाताऱ्या आईच्या पलंगाखालच्या पेटीत होतं, थोरलीच्या लग्नातल्या शालूत गुंडाळलेलं. सुटलेले दोन खडे रुमालात बांधून त्यातच ठेवलेले होते. म्हातारी पडल्या जागेवरून बघत होती. पंचांना चहा देणाऱ्या सुनेच्या गळ्यात ठुशी होती. मी ती बघितली. चांगली होती.

ठाण्यात ओळख पटवायला फिर्यादीला बोलावलं. तिनं काळ्या शिरेचा खडा दाखवला, फुटका दाखवला, रिकामी जागा दाखवली. मग पेराक उचलून आतली बाजू नाकाशी धरली.

"आईच्या डोक्याचा वास इथं हुता," ती म्हणाली. "तिकडं केसाला लोणी लावतेत. तिच्या आईचा बी वास ह्यातच हुता. आता रिठ्याचा येतोय."

रायटरनं माझ्याकडं बघितलं. माल पूर्ण मिळाला, असंच लिहायचं होतं. वासाचा रकाना महजरात नाही.

चोर कोण हे तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. ठाण्यातून घरी जाऊन तिनं आधी बहिणीला हाताला धरून खाली आणलं, सगळ्यांच्या पंगतीत बसवलं आणि स्वतः तिला वाढलं. गुन्हा आधीच नोंदवलेला होता, त्यात थोरल्या जावेचं नाव आलं. अटक न करता नोटीस दिली. मुद्देमाल कोर्टात हजर केला आणि लग्नाची पत्रिका जोडून तात्पुरत्या ताब्याचा अर्ज करवला. त्यासाठी मी दोन दिवस कोर्टात स्वतः खेपा घातल्या, जे मी सहसा करत नाही. लग्नाला दोन दिवस राहिले असताना पेराक घरी गेलं.

त्या संध्याकाळी ताबा-पावतीवर एक सही राहिली म्हणून मी घरी गेले. व्हरांड्यात थोरली सुई-दोरा घेऊन बसली होती. सुटलेले खडे फिर्यादीनं तिच्याकडूनच शिवून घ्यायचे ठरवले होते. स्वतः समोर खुर्ची टाकून बसली होती.

"वरनं न्हाय आक्का, खालनं टाका घ्या. तुम्ही काढलाय, तुम्हीच बसवा."

थोरली मान वर न करता टाके घालत होती. दोघींत माफीचं एक अक्षर निघालं नाही. चामडं जाड होतं, सुई बोटात रुतत होती, आणि फिर्यादी ते बघत होती. मी सही घेऊन निघाले.

त्या रविवारी गावी गेले. आई अंगणात शेंगा फोडत होती. नोकरीत लोकांना हजारो प्रश्न विचारले, हा एक राहिला होता. तो विचारला. पाटल्या मला का दिल्या नाहीस?

आईनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तू कवा मागितलीस? आणि तुला काय कमी हुतं गं, तुला पिस्तूल हुतं की."

मी शेंगा फोडायला बसले.

पुढं खटला चालला. थोरलीनं गुन्हा कबूल केला आणि कोर्टानं चांगल्या वागणुकीच्या हमीवर तिला सोडलं. या केसनंतर माझ्या तपासाची पद्धत एका बाबतीत बदलली. घरातली चोरी असली की काय गेलं एवढंच मी आधी विचारायचे. नंतर मी आणखी एक विचारायला लागले, की तसलंच काही या घरात कुणाला मिळायचं राहिलं आहे का. आणि कोण कुणाचं नाव पुढं करतं याकडं लक्ष देऊ लागले. धाकटीच्या जिवाला काय वाटत असेल, असं थोरलीनं मला चहा देताना विचारलं होतं. ती स्वतःचंच सांगत होती. मी ऐकलं नव्हतं.

लग्न खटल्याच्या बरंच आधी झालं; त्याचं मला आमंत्रण होतं. साडी नेसून गेले. अक्षता पडल्यावर फिर्यादीनं पेराक आधी स्वतःच्या डोक्यावर घातलं, मग काढून मुलीच्या डोक्यावर ठेवलं. शेपटाकडचे खडे निळे, कपाळावरची ओळ हिरवी. दुरूनही फरक दिसत होता. बायका भोवती जमल्या. ती एकेका खड्यावर बोट ठेवून मुलीला सांगत गेली, जसं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. हा खापरपणजीचा. हे मिठाचे. हा आजी पडली तेव्हाचा. ही जागा बर्फाच्या सालातली, ही भरायची न्हाय. बोट कपाळापाशी आलं.

"आणि ही हिरवी ओळ बेळगावची. तुझ्या थोरल्या काकूनं रिठ्यात धुतली. ह्यातले दोन सुटले, ते तिनंच शिवले. तुझ्या लेकीला सांगशील तवा हे बी सांगायचं."

दोघी-तिघी हसल्या. थोरली तिथंच उभी होती, हातात अक्षतांचं ताट. तिनं मान खाली घातली, पण ती हलली नाही. ती शिक्षा होती की मान होता, ते मला आजही ठरवता येत नाही. एवढं खरं की त्या वंशात थोरल्या लेकी जन्माला येतील तोवर कुणीतरी त्या ओळीवर बोट ठेवेल आणि तिच्याबद्दल सांगेल.

आईच्या पाटल्यांवर माझं तसं काही नाही. एका केसमध्ये मला दोनदा हेवा वाटला, पहिल्या दिवशी फिर्यादीचा आणि लग्नाच्या दिवशी आरोपीचा. मी जेवले, आहेर दिला आणि ठाण्यावर परत आले.